कूस बदलली की खोली फिरते: कानातल्या स्फटिकांची चक्कर आणि तिचा उपचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६३. गेले दोन महिने पहाटे अंथरुणातून उठताना आणि उजव्या कुशीवर वळताना खोली गरगर फिरते, मळमळतं, मिनिटभरात सगळं थांबतं. ऐकू व्यवस्थित येतं. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज निघाली म्हणून मानेला पट्टा लावला, चक्कर थांबवण्याच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी दिवसभर गुंगी असते, चक्कर मात्र येतेच. आता मेंदूचा एमआरआय करण्याचा सल्ला मिळाला आहे. आजार कानाचा आहे, मानेचा की मेंदूचा, आणि या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील का?

तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतच निदानाचा बराचसा भाग आला आहे. चक्कर कूस बदलल्यावर येते, मिनिटाच्या आत थांबते आणि ऐकण्यात काही फरक नाही. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की सर्वांत आधी एकाच आजाराची तपासणी करायची असते. त्याचं नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. आम्ही रोजच्या बोलण्यात बीपीपीव्ही म्हणतो. यात अंतर्कर्णातले कॅल्शियमचे बारीक स्फटिक आपली जागा सोडून भलत्याच नळीत शिरतात. बिघाड यांत्रिक आहे, त्यामुळे गोळीने तो दुरुस्त होत नाही. स्फटिक जागेवर नेऊन सोडणं हाच त्याचा उपचार, आणि तो पाच-दहा मिनिटांत होतो. आईंना मी तपासलेलं नाही, म्हणून शिक्कामोर्तब तपासणीच्या टेबलावरच होईल. पण ती तपासणी अजून झालेली दिसत नाही, आणि मी हे सविस्तर लिहिते आहे ते त्यासाठीच.

आधी आत काय घडतं ते पाहू. कवटीच्या अतिशय कठीण हाडात कोरलेल्या पोकळीत ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं इंद्रिय शेजारी-शेजारी असतं. तोलाच्या इंद्रियाचे दोन भाग. एक म्हणजे एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि नळीच्या फुगीर टोकाशी असलेला जेलीसारखा पडदा वाकतो. त्या वाकण्यावरून मेंदूला कळतं की डोकं कोणत्या दिशेने, किती वेगाने फिरलं. दुसऱ्या भागात युट्रिकल आणि सॅक्यूल नावाच्या दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांच्या आत जेलीच्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक चिकटलेले असतात. त्यांना ऑटोकोनिया म्हणतात, आणि एकेक स्फटिक साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. हे स्फटिक जड असल्यामुळे डोकं कललं की तो थर सरकतो आणि मेंदूला गुरुत्वाकर्षणाची दिशा समजते.

म्हणजे गुरुत्वाकर्षण ओळखण्याचं काम पिशव्यांचं, नलिकांचं नव्हे. नलिकेतला पडदा आणि द्रव यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने डोकं कसंही ठेवलं तरी पडदा स्थिर राहतो. युट्रिकलमधले काही स्फटिक सुटून नळीत गेले की हीच व्यवस्था बिघडते. आई उजव्या कुशीवर वळतात, डोकं उशीवर टेकून स्थिर होतं, पण आत स्फटिक नळीच्या खालच्या बाजूकडे घरंगळत राहतात. त्यांच्याबरोबर द्रव ओढला जातो, पडदा वाकतो आणि त्या कानाकडून मेंदूला निरोप जातो की डोकं अजून फिरतंय. दुसरा कान म्हणतो स्थिर आहे. या विसंवादातून डोळे आपोआप हलू लागतात आणि खोली फिरताना दिसते. स्फटिक तळाशी जाऊन बसले की द्रव थांबतो, पडदा जागेवर येतो, चक्कर ओसरते. मिनिटाच्या आत थांबण्याचं कारण हेच. उठून बसताना स्फटिक उलट दिशेला घरंगळतात, म्हणून तेव्हाही येते.

तीन नलिकांपैकी मागची नलिका सर्वांत खाली असते. सुटलेले स्फटिक बहुतेक वेळा तिच्यातच उतरतात. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत तीच सापडते. आडवी नलिका त्याखालोखाल, आणि वरची क्वचित.

या आजाराचं वर्णन रॉबर्ट बारानी यांनी १९२१ साली केलं. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी तो ओळखण्याची पद्धत नेमकी मांडली. आजही आम्ही तीच वापरतो. उपचार मात्र खूप उशिरा आला. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एपली १९८० च्या दशकात सांगत होते की डोकं ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक नळीबाहेर काढता येतात. कित्येक सहकाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. त्यांचा महत्त्वाचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी न थांबणाऱ्या चक्करसाठी त्या नलिकेकडे जाणारा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रियासुद्धा केली जात असे. डोकं वळवून जे साधतं त्यासाठी कान उघडावा लागत होता, हे आठवलं की एपलींच्या चिकाटीबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता तपासणी. तिचं नाव डिक्स-हॉलपाइक चाचणी. रुग्णाला टेबलावर पाय लांब करून बसवते, डोकं उजवीकडे ४५ अंश वळवते आणि दोन्ही हातांत धरून झटकन पाठीवर निजवते, असं की डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकलेलं राहील. आधीच सांगून ठेवते: चक्कर येईल, डोळे मिटू नका, मी धरलेलं आहे. पहिले काही सेकंद काहीच होत नाही. रुग्ण म्हणतो, "आज नाही येत वाटतं." आणि तेवढ्यात बुबुळं हलू लागतात. कपाळाच्या दिशेने उसळी आणि त्याच वेळी खालच्या कानाकडे पीळ, असे झटके एकामागून एक. वेग वाढत जातो, रुग्ण माझं मनगट घट्ट पकडतो, कपाळावर घाम येतो, मग झटके मंदावत मंदावत थांबतात. सगळं मिळून वीस-तीस सेकंद. उठवून बसवलं की बुबुळं थोडा वेळ उलट दिशेने हलतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निदानाला दुसरा पुरावा लागत नाही. सुरुवातीचा तो थांबा, झटक्यांची दिशा, त्यांचं चढणं आणि ओसरणं, यावरून कोणत्या कानाची कोणती नलिका हे कळतं. मग दुसऱ्या बाजूची तपासणी. आईंना उजव्या कुशीवर येते, म्हणून उजवा कान असण्याची शक्यता जास्त, पण दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मी ठरवत नाही.

या चाचणीत डोळे उघडे ठेवणं फार महत्त्वाचं. "चक्कर आली का?" एवढंच विचारून आणि बुबुळांकडे न पाहता केलेली चाचणी अर्धवट असते. काही ठिकाणी जाड भिंगांचा चष्मा किंवा कॅमेरा असलेला चष्मा लावतात, त्यामुळे नजर एका जागी रोखता येत नाही आणि हालचाल ठळक दिसते. तो नसला तरी मागच्या नलिकेची हालचाल साध्या डोळ्यांनी सहसा दिसते. आणखी एक: चाचणीच्या दिवशी चक्करची गोळी घेतलेली असेल तर ही हालचाल दबू शकते. शक्य असेल तर आधीचे एक-दोन दिवस गोळी थांबवायची का, हे भेटीची वेळ ठरवतानाच विचारून घ्या.

मानेबद्दल. साठीच्या पुढच्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर मणक्यांमध्ये झीज दिसतेच. केस पिकण्याइतकी ती वयाची खूण आहे. ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही त्यांच्याही फोटोत ती असते. गोंधळ होतो तो असा: वर पाहताना, मान वळवताना चक्कर येते, म्हणून दोष मानेला दिला जातो. पण मान वळली की डोकंही वळतं, आणि डोक्याबरोबर कान. दोन्ही वेगळे करायची सोपी युक्ती आहे. मान अजिबात न वळवता, खांदे आणि डोकं एका रेषेत ठेवून सबंध अंगानेच कूस बदलायची. मानेचा सांधा इथे हललेलाच नाही. तरीही खोली फिरली तर दोष कानात आहे. मानेच्या पट्ट्याने चक्कर थोडी कमी वाटते, कारण पट्टा लावलेला माणूस डोकं कमी हलवतो. स्फटिक तिथेच राहतात, आणि पट्टा महिनोन्महिने वापरला तर मानेचे स्नायू मात्र अशक्त होतात.

एमआरआयमध्ये हे स्फटिक दिसत नाहीत. डिक्स-हॉलपाइकमध्ये नेमकी तीच हालचाल दिसली, बाकी तपासणी स्वच्छ असली, तर मेंदूच्या फोटोची गरज नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. पण काही खुणा दिसल्या तर मी क्षणभरही थांबणार नाही, आणि तुम्हीही थांबू नका. एकाच्या दोन वस्तू दिसणं, बोबडी वळणं, चेहरा वाकडा होणं, हाता-पायातली शक्ती जाणं किंवा बधिरपणा, गिळता न येणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी अचानक सुरू होणं. चक्करबरोबर यातलं काहीही असेल तर तो पक्षाघात असू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. तशीच चक्कर अंथरुणात निश्चल पडून राहिलं तरी तासन्‌तास थांबत नसेल तर तो बीपीपीव्ही नव्हे. आणि चक्करसोबत एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी ऐकणं परतण्याची आशा जास्त असते.

गोळ्यांविषयी मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण नुकसान तिथे होतं. चक्करसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन, प्रोक्लोरपेरझिन, मेक्लिझिन या गोळ्या तोलाच्या यंत्रणेचा आवाज दाबतात. ज्या आजारात चक्कर दिवसभर चालू असते आणि उलट्या थांबत नाहीत, तिथे पहिले दोन-तीन दिवस त्यांचा खरा उपयोग आहे. आईंची चक्कर अर्धा मिनिट येते. तेवढ्यासाठी चोवीस तास मेंदू गुंगीत ठेवण्यात काहीच हशील नाही. गोळीने स्फटिक विरघळत नाहीत, हलतही नाहीत. उलट वयस्क माणसाला सुस्ती येते, पाय लटपटतात, रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेरझिन महिनोन्महिने घेतल्यावर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात. मग त्या लक्षणांवर आणखी गोळ्या सुरू होतात. बीटाहिस्टीन त्या मानाने निरुपद्रवी आहे, पण स्फटिक जागेवर नेण्याचं काम तीही करत नाही. आईंना गेल्या काही आठवड्यांत हातांचा कंप किंवा चालण्यातला मंदपणा जाणवला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका, पण पुढच्या भेटीत "या किती दिवस घ्यायच्या, आणि कशासाठी?" हा प्रश्न सरळ विचारा. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता एपली मॅन्युव्हर, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एपलींची पद्धत. वर्तुळाकार वळवलेल्या पारदर्शक नळीत वाळूचे चार कण अडकले आहेत अशी कल्पना करा. नळी हळूहळू अशी फिरवत न्यायची की प्रत्येक टप्प्यावर कण थोडे पुढे घसरतील आणि शेवटी उघड्या तोंडातून बाहेर पडतील. इथे नळी कवटीच्या आत आहे, म्हणून डोकं फिरवायचं.

उजव्या मागच्या नलिकेसाठी क्रम असा. रुग्णाला बसवून डोकं उजवीकडे ४५ अंश वळवायचं आणि चाचणीप्रमाणेच पाठीवर निजवायचं, डोकं किंचित खाली लोंबतं ठेवून. इथे चक्कर येते. ती पूर्ण थांबेपर्यंत आणि त्यानंतर आणखी अर्धा मिनिट तसंच राहायचं. मग डोकं खाली झुकलेलं ठेवूनच डावीकडे ९० अंश वळवायचं, म्हणजे आता चेहरा डावीकडे ४५ अंशांवर. पुन्हा अर्धा ते एक मिनिट. मग रुग्णाने सबंध अंगाने डाव्या कुशीवर व्हायचं आणि डोकं आणखी ९० अंश वळून नाक जमिनीकडे रोखलेलं राहील असं धरायचं. हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो. रुग्ण कुशीवर होतो पण चेहरा समोरच राहतो आणि कण मधेच अडकतात. इथेही चक्कर येऊ शकते, आणि बुबुळं पहिल्यासारखीच, त्याच दिशेने हलली तर मला आनंद होतो, कारण कण योग्य दिशेने पुढे चालले आहेत. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून पाय टेबलाखाली सोडत सावकाश उठवून बसवायचं.

उठवल्यावर मी रुग्णाला लगेच सोडत नाही. कण युट्रिकलमध्ये पडतात त्या सुमारास काहींना अचानक कुणीतरी मागे किंवा पुढे ढकलल्यासारखं वाटतं, आणि बेसावध असतील तर ते खुर्चीवरून पडू शकतात. म्हणून खांद्यावर हात ठेवून मी शेजारी उभी राहते आणि दहा-पंधरा मिनिटं त्यांना तिथेच बसवून ठेवते. मग पुन्हा डिक्स-हॉलपाइक. बुबुळं स्थिर राहिली तर काम झालं. नाही राहिली तर त्याच बैठकीत मॅन्युव्हर पुन्हा.

याने किती जणांना गुण येतो? २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, ११ चाचण्यांतल्या ७४५ रुग्णांचा हिशेब आहे. एपली केलेल्या गटात ५६ टक्क्यांची चक्कर पूर्ण थांबली, खोटा उपचार किंवा नुसती वाट पाहणाऱ्या गटात २१ टक्क्यांची. मॅन्युव्हर गरजेप्रमाणे दोन-तीनदा केला तर हा आकडा बराच वर जातो. बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या बैठकीच्या आत मोकळे होतात. वाट पाहणाऱ्यांपैकीही काहींची थांबते, कारण दिवसभराच्या हालचालींत स्फटिक कधी कधी आपोआप बाहेर पडतात. पण या वयात त्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबणं मला पटत नाही. चक्करच्या एका झटक्यात तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं तर माणूस कायमचा परावलंबी होऊ शकतो.

मॅन्युव्हरनंतर दोन रात्री बसून झोपायचं, मान वळवायची नाही, ही पथ्यं पूर्वी सांगितली जात. त्यांनी निकालात म्हणावा असा फरक पडत नाही. मी सांगत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका, एवढं पुरे.

आईंना मानेची गंभीर इजा, नुकतीच झालेली मानेची शस्त्रक्रिया, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा डोळ्याचा पडदा सुटण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. तेव्हा डोकं खाली लोंबवायचं नाही. कुशीवर निजवून करायची सेमाँ पद्धत किंवा खाली झुकवता येणारं टेबल वापरता येतं. एक्स-रेमधली साधी झीज ही मात्र अडचण नव्हे. या आजाराचे कित्येक रुग्ण त्याच वयाचे असतात, आणि सगळ्यांच्या फोटोत ती असते.

कधी कधी डिक्स-हॉलपाइकमध्ये काहीच दिसत नाही आणि रुग्ण मात्र ठामपणे सांगत असतो की कुशीवर वळलं की भयानक येते. अशा वेळी आडवी नलिका तपासायची राहिलेली असते. त्यासाठी उताणं निजवून, डोकं थोडं उचलून धरून एकदा पूर्ण उजवीकडे, एकदा पूर्ण डावीकडे वळवायचं. यात बुबुळं आडवी हलतात, दोन्ही बाजूंना हलतात आणि चक्कर मागच्या नलिकेपेक्षा जोरात येते. उलटीचं भांडं जवळ ठेवावं लागतं. तिच्यावर एपलीचा उपयोग होत नाही. तिथे उताण्या स्थितीपासून सुरू करून निरोगी कानाच्या दिशेने टप्प्याटप्प्याने सबंध लोळण घ्यायला लावतात, किंवा गुफोनी नावाची दुसरी पद्धत आहे. "एपली केलं, गुण आला नाही, म्हणजे हा आजारच नाही" असं कुणी म्हणालं तर आडवी नलिका पाहिली होती का, हे विचारा. मागच्या नलिकेतून काढताना कण आडव्या नलिकेत घुसण्याचा प्रकारही अधूनमधून होतो. घाबरण्यासारखं नाही, फक्त ओळखून पद्धत बदलावी लागते.

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून घरी एपली करावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. निदान झालेलं नसताना करू नका. कान चुकला तर उपयोग नाही, नलिका चुकली तरी उपयोग नाही, आणि मेंदूच्या आजाराचे मौल्यवान तास त्यात वाया जाऊ शकतात. एकदा डॉक्टरांनी कान आणि नलिका सांगितली, समोर करून दाखवलं, की पुढे तोच त्रास परत आल्यावर घरच्या माणसाला जवळ उभं करून पलंगावर, खांद्याखाली उशी घेऊन करायला हरकत नाही. मी रुग्णाबरोबर आलेल्या मुलाला किंवा सुनेला टेबलाजवळ बोलावून सगळे टप्पे हातात धरून शिकवते.

हा त्रास परत येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. पाच वर्षांत एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना तो पुन्हा होतो. का सुटतात हे स्फटिक? बहुतेकांच्या बाबतीत वय हेच कारण. डोक्याला मार, अंतर्कर्णाचा आधीचा आजार, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणं, मायग्रेन यांनीही शक्यता वाढते. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त आहे, आणि हाडांच्या ठिसूळपणाशी व 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी संबंध दिसतो. ऑटोकोनिया शेवटी कॅल्शियमचेच बनलेले आहेत. दक्षिण कोरियात ९५७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटातल्या ज्यांचं रक्तातलं 'ड' जीवनसत्त्व दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होतं त्यांना वर्षभर 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम रोज दोनदा दिलं. त्या गटात त्रास परत येण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणून आईंच्या रक्तातलं 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि हाडांची घनता कधी मोजली नसेल तर तीही. ही तपासणी मला एमआरआयपेक्षा जास्त गरजेची वाटते.

कानाच्या आणि इतर चकरांपासून हा आजार वेगळा कसा काढायचा, तेही थोडं सांगते. गरगरतं, घेरी येते, डोकं हलकं होतं, या वर्णनावर मी फार विसंबत नाही. एकच रुग्ण सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरं. मी विचारते ते दोनच: कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पण अंथरुणात कितीही लोळलं तरी काही नाही, असं असेल तर आडवं आणि उभं, दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजायचा. रक्तदाबाच्या गोळीचा डोस जास्त झालेला असू शकतो. वीस मिनिटं ते बारा तास टिकणारे झटके, त्या वेळी एका कानात दडा, गुणगुण आणि ऐकण्यात चढउतार, हे मेनिएर्सचं चित्र. तो आजार अंतर्कर्णातल्या द्रवाच्या दाबाशी निगडित आहे, त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढल्याशिवाय ते नाव कुणाला चिकटवू नये. सर्दी-तापानंतर अचानक सुरू झालेली आणि दिवसचे दिवस टिकणारी चक्कर तोलाच्या मज्जातंतूच्या सुजेची असू शकते. मायग्रेन असलेल्यांना डोकं न दुखताही पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत चक्कर येऊ शकते. एकाच माणसाला यातले दोन आजारही असू शकतात. मज्जातंतूची सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी त्याच कानात स्फटिक सुटलेले मी पाहिले आहेत.

मॅन्युव्हर यशस्वी झाल्यावरही आई काही दिवस म्हणतील, "फिरत नाही, पण पाय जमिनीवर नीट पडत नाहीत, तरंगल्यासारखं वाटतं." त्यामुळे उपचार फसला असं समजू नका. दोन महिने चुकीचे संदेश ऐकलेल्या मेंदूला परत जुळवून घ्यायला वेळ लागतो. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत जातं. या काळात त्यांना अंथरुणात पडून राहू देऊ नका. रोज कुणाच्या तरी सोबतीने चालणं, चालता चालता डावीकडे-उजवीकडे पाहणं, हेच औषध. आणि मुख्य म्हणजे उजव्या कुशीवर झोपायला सुरुवात करायला लावा. महिनोन्महिने एकाच कुशीवर, तीन उशा घेऊन, डोकं लाकडासारखं ताठ ठेवून झोपणारे रुग्ण मी रोज पाहते. त्यांचे स्फटिक कधीच जागेवर गेलेले असतात, भीती मात्र गेलेली नसते. ही अस्थिरता तीन महिन्यांच्या पुढे रोज टिकून राहिली तर तिचा स्वतंत्र उपचार असतो, तोलाचे व्यायाम आणि गरज पडली तर औषध. त्यासाठी पुन्हा यावं.

भेटीला जाण्यापूर्वी तुम्ही एक करू शकता. पहाटे चक्कर येते तेव्हा आईंना डोळे उघडे ठेवायला सांगा आणि मोबाइलने डोळ्यांचा जवळून व्हिडिओ घ्या, दोन्ही बुबुळं दिसतील असा, चक्कर सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत. त्या कोणत्या कुशीवर होत्या ते व्हिडिओत बोलून ठेवा. तोवर पहाटे उठताना आधी कुशीवरून सावकाश उठून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवायचा. आणि माळ्यावरची वस्तू काढायला स्टुलावर चढायचं नाही. डॉक्टर निवडताना कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार यांपैकी कोणतेही चालतील, पण फोनवरच विचारून घ्या की तिथे डिक्स-हॉलपाइक आणि एपली करतात का. उत्तर हो आलं की तीच वेळ घ्या आणि एमआरआयची तारीख त्या तपासणीच्या नंतरची ठेवा.